रिकाम्या काट्यावरचं पाप

उंबरमळ्याच्या पटांगणात माणसं चपला काढून उन्हात उभी होती आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. वर देव नव्हता, लाल आकड्यांची पाटी होती. मांडवाच्या आडव्या खांबाला ती टांगलेली होती आणि तिच्यातून एक काळी वायर खाली लोखंडी काट्यापर्यंत गेली होती. मार्केट यार्डात पोती मोजायला असतो तसला चौकोनी काटा. फरक इतकाच की ह्याला हार घातला होता.

"दुधाला लिटर आहे," तोलनाथ महाराज माईकवरून विचारत होते, "कापडाला मीटर आहे, जमिनीला गुंठा आहे. मग पापालाच माप का नको? कोणी चोरी करतो, कोणी खोटं बोलतो, कोणी करणी करतो. लोक म्हणतात, ह्या पापांची तुलना कशी करणार? आम्ही म्हणतो, का नाही करणार? आम्ही पापाला किलो लावला."

गर्दीने हात जोडले.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. उंबरमळा म्हणजे मांजरी गावाच्या पुढे उसाच्या फडांत वसलेली वस्ती. तोवर निम्मा ऊस जाऊन तिथे दहा-दहा मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या. फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरवाले राहायचे आणि खालच्या वस्तीत जमीन विकलेले किंवा अजून न विकलेले शेतकरी. मी कोथरूडहून रोज स्कूटरवर तिथे जायचे. माझा दवाखाना वस्तीच्या तोंडाशी होता, त्यामुळे दोन्हीकडचे पेशंट यायचे. त्या रविवारी मला आग्रहाने तिथे आणलं होतं ते फ्लॅटमधल्या एका पेशंटने. त्याचं नाव सुदर्शन. मूळचा वर्ध्याचा, सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करणारा.

"मॅडम, हे इतर बाबांसारखं नाहीये," तो म्हणाला. "रीडिंग आहे. डिजिटल. बिफोर, आफ्टर, सगळं समोर दिसतं."

"कंपनीतही तुम्ही हार घालून रीडिंग घेता का?" मी विचारलं. तो हसला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

त्याची पाळी आली. तो काट्यावर चढला. पाटीवर आकडा आला, अडुसष्ट. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, ओठ हलवले. आकडा थरथरला आणि सत्तर झाला. गर्दीतून आवाज उठला, देवळात घंटा वाजल्यावर उठतो तसा. दोन किलो पाप, किलोला एक फटका. महाराजांच्या एका शिष्याने चामड्याचा आसूड सुदर्शनच्या पाठीवर दोनदा टेकवल्यासारखा केला. आकडा परत अडुसष्टवर आला. सुदर्शन खाली उतरला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एकदम हलकं वाटतंय, मॅडम."

त्याच्यानंतर वस्तीतला एक तरुण गडी चढला. त्याने मोटारपंप चोरल्याचा संशय होता. त्याचं पाप सहा किलो भरलं. ह्या वेळी आसूड टेकवला नाही, मारला. तिसऱ्या फटक्याला सदरा फाटला, चौथ्याला कातडी. मी पुढे झाले आणि म्हणाले की हे थांबवा, हा गुन्हा आहे. दोन जणांनी मला दंडाला धरून मांडवाबाहेर आणलं. त्यांच्या मागे मच्छिंद्र उभा होता. मच्छिंद्र हा वस्तीतला मोठा जमीनदार, अलीकडे एका बिल्डरचा भागीदार झालेला. मांडव त्याचा, माईक त्याचा, महाराजांना आणलंही त्यानेच.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही औषधं द्या," तो शांतपणे म्हणाला. "रोग आम्ही काढतो."

पुढच्या रविवारी मी कोथरूडलाच होते. सोमवारी दवाखाना उघडला तर पायरीवर विमलाबाई बसलेली. शेजारी तिचा नवरा कोंडीराम, पालथा, चादरीवर. साठीचा काटक माणूस होता तो. वस्तीच्या मधोमध त्याचं सव्वा एकराचं रान होतं आणि त्यात तो अजूनही स्वतः ऊस लावायचा. चादर उचलली तर पाठ ओळखू येत नव्हती. मानेपासून मांड्यांपर्यंत निळं-काळं, सुजलेलं, मधेच उकललेलं.

"कसं झालं हे?"

"जिन्यावरनं पडले," विमलाबाई म्हणाली.

"तुमच्या घराला जिना आहे?"

तिने चादर परत ओढली. मी कोंडीरामला लघवी करायला लावली. ती काळ्या चहासारखी होती. माणसाला फार मार बसला की स्नायू आतून फुटतात आणि त्यांतलं द्रव्य रक्तातून वाहत मूत्रपिंडात जाऊन बसतं. कातडी बरी होते, मूत्रपिंड बंद पडतं. मी तिथल्या तिथे सलाइन लावलं आणि रिक्षा बोलावली.

रिक्षात चढवताना कोंडीराम पहिल्यांदा बोलला. "सतरा किलो निघालं, बाई. म्या काय केलं तेच आठवत न्हाई. लई इचार केला. सतरा किलोचं काय केलं असंल म्या?"

शहरातल्या हॉस्पिटलमध्ये त्याचं रक्त मशीनमधून फिरवून पाहिलं. आठवडा संपायच्या आत तो गेला. मी चौकीत जाऊन सगळं सांगितलं. फौजदारांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तक्रार कोण देतंय? घरच्यांनी तर जिना लिहून दिलाय. विमलाबाईकडे गेले तर तिने दार अर्धंच उघडलं. तिच्या मागे मच्छिंद्रची माणसं ओट्यावर बसून चहा पीत होती. मयताला म्हणून आली होती, ती उठलीच नव्हती.

वस्तीत लोक म्हणत होते, पाप फार होतं, देहाला पेललं नाही.

शनिवारी दुपारी अपेक्षा दवाखान्यात आली. ही तुळजाबाईंची मुलगी, चोवीस वर्षांची, कॉल सेंटरमध्ये कामाला. ड्यूटीचं ओळखपत्र अजून गळ्यातच होतं.

"डॉक्टर, उद्या आईला काट्यावर घालणारेत."

तुळजाबाई म्हणजे मच्छिंद्रच्या थोरल्या भावाची विधवा. भावाच्या वाटणीची जमीन तिच्या नावावर होती आणि ती बिल्डरला द्यायला ती तयार नव्हती. मच्छिंद्रच्या नातवाला, छोट्या समर्थला, आकडी यायची. मीच त्याला औषध सुरू केलं होतं आणि ते वर्षभर चुकवू नका म्हणून बजावलं होतं. महाराज आल्यावर ते बंद झालं. साहजिकच आकडी परत आली. आता मच्छिंद्र सांगत होता की वहिनीने पोरावर करणी केली.

मी खुर्चीत बसून राहिले. गेल्या महिन्याभरात माझ्याकडे आलेल्या पाठी मला आठवत होत्या. फ्लॅटमधल्या लोकांचं पाप एक-दोन किलोच्या वर कधी गेलं नव्हतं, आणि त्यांच्या पाठीवर साधा वळही नव्हता. भुरट्या चोराचं सहा. जड पापं निघाली होती ती सगळी अशा लोकांची, ज्यांची रानं एकमेकांना लागून होती आणि विकायची राहिली होती. देवाचा काटा जमिनीचा नकाशा बघून वजन करत होता.

"तू आत्ताच्या आत्ता चौकीत जा," मी अपेक्षाला म्हणाले. "नुसती करणीची गोष्ट सांगू नकोस. उद्या सकाळी माझ्या आईला जिवे मारणार आहेत, एवढंच सांग आणि लेखी दे. उद्या पोलिसांना घेऊनच ये."

ती गेल्यावर मी सुदर्शनला बोलावलं. कोंडीराम गेल्याचं त्याला माहीत होतं. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

"सुदर्शन, तुमच्या कामातलं विचारते. एखादा प्रोग्रॅम आकडा दाखवतो. तो खरा आहे का, हे कसं तपासता?"

"दुसऱ्या सिस्टिमवर तेच इनपुट देतो. दोन्हीकडे सेम आलं पाहिजे."

"आणि नाही आलं तर?"

माझ्या टेबलाशेजारी पेशंटचं वजन करायचा काटा होता. स्प्रिंगचा, तबकडीवर सुई फिरणारा, वीज न लागणारा. त्याने उठून त्याच्यावर हाताने दाब देऊन सुई फिरवून पाहिली.

"हा ह्यांच्या काट्याच्या वर ठेवायचा," तो हळूच म्हणाला. "माणूस ह्याच्यावर उभा करायचा. वजन खरंच वाढलं तर सुई पण हलणार. हललीच पाहिजे."

"उद्या सुई वाचायला तुम्ही येता का?"

"मॅडम, त्या दिवशी मला खरंच हलकं वाटलं होतं," तो म्हणाला. मग, "येतो."

रविवारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर रस्त्यावर मोटारींची रांग लागली होती. कोंडीराम मेल्याने महाराजांचा दरारा कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. ज्याच्या काट्याने माणूस मरतो तो काटा खोटा कसा असेल, असं एकजण माझ्या शेजारी दुसऱ्याला समजावत होता.

तुळजाबाईंना आणलं तेव्हा त्यांच्या ओठातून रक्त येत होतं. घरातून निघायला नकार दिला म्हणून मारलेलं दिसत होतं. पन्नाशीची उंच बाई. दोघांनी तिचे हात मागे पिरगाळले होते, तरी ती ताठ चालत होती. काट्यावर चढवताना तिने लाथ घातली. एका माणसाने तिचे केस धरून डोकं खांबावर आपटलं. गर्दीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले, पण कोणी जागचं हललं नाही.

पाटीवर आलं, बावन्न. महाराजांनी हात ठेवला. आकडा चढत गेला. साठ, सदुसष्ट, त्र्याहत्तर.

"एकवीस किलो," महाराज म्हणाले. आवाजात दुःख होतं, रंगमंचावर असतं तेवढं. "कोंडीरामापेक्षा चार किलो जास्त. मंडळी, हे आम्ही बोलत नाही. हे यंत्र बोलतं. यंत्राला दीर नाही, भावजय नाही."

"भावजी," तुळजाबाई मच्छिंद्रकडे बघून म्हणाल्या, "जमीन पायजे तर जमीन म्हना की. काटा कशाला?"

पहिला फटका त्यांच्या खांद्यावर बसला आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. दुसऱ्याला त्या गुडघ्यावर आल्या. कोणीतरी मोठ्याने मोजत होतं. तिसऱ्या फटक्याच्या आत मी काट्यापाशी पोचले आणि माईकच्या समोर जाऊन हात जोडले.

"महाराज, आधी माझं वजन करा."

आसूडवाला थांबला. मच्छिंद्रने डोळे बारीक केले.

"मी इतकी वर्षं इथे दवाखाना चालवते," मी माईकमध्ये म्हणाले. "परवा माझा पेशंट मेला. मला वाटतं माझंही पाप असेल. सगळ्यांसमोर मोजा."

शिकलेली डॉक्टर शरण आली ह्याचा गर्दीला इतका आनंद झाला की मागून टाळ्या पडल्या. महाराजांना नाही म्हणता येईना. त्यांनी खांबाशी जप करत बसलेल्या शिष्याकडे बघून मान हलवली, पाटी परत बावन्नवर आली आणि तुळजाबाईंना बाजूला ओढलं. मी पिशवीतून माझा काटा काढला आणि त्यांच्या काट्याच्या मधोमध ठेवला. पाटीवर दोन किलो आले.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"माझा काटा. मी ह्याच्यावर उभी राहते. पापाचं वजन तुमच्याकडेही दिसेल, माझ्याकडेही दिसेल. एकाला दोन साक्षीदार."

"त्या खेळण्याला मंत्राचं बळ नाही."

"मंत्र मला लावा, महाराज. काट्याला कशाला? वाढणार आहे ते माझं वजन."

गर्दीत कुजबुज झाली. सुदर्शन पुढे आला. "बरोबर आहे, महाराज. माणूस जड झाला तर खाली ठेवलेल्या कुठल्याही काट्याला कळणारच. मी वाचतो." आणि तो माझ्या पायाशी उकिडवा बसला.

मी वर चढले. "छोट्या काट्यावर अठ्ठावन्न," सुदर्शन ओरडून म्हणाला. मोठ्या पाटीवर साठ. अठ्ठावन्न माझे, दोन काट्याचे. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी बोटांवर बेरीज केली आणि माना हलवल्या.

महाराज शहाणा असता तर मला निष्पाप ठरवून सोडून दिलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर तो विचार आलेला मला दिसला. म्हणून मी माईक न सोडता विचारलं, "महाराज, निरपराध माणसाला मारून मारून ठार केलं, तर त्याचे किती किलो होतात? आणि ज्याच्या मांडवात मारलं त्याचे किती?"

मच्छिंद्र ताडकन उठला. "हिचं बघा," तो महाराजांवर खेकसला. "हिचं बघा किती निघतंय ते."

महाराजांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला नाही, दाबला. पाटीवर आकडे धावायला लागले. सत्तर, ऐंशी, एक्याण्णव.

"अठ्ठावन्न," सुदर्शन म्हणाला.

कोणाला कळलं नाही. तो उभा राहिला. आता त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "सुई अठ्ठावन्नवरच आहे. हलली नाही. अजिबात हलली नाही. या, कोणीही येऊन बघा."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा खरंच आला, वाकला, तबकडी पाहिली आणि दुसऱ्याला हाक मारली. मी खाली उतरले आणि माझा काटा उचलून छातीशी धरला. मोठ्या काट्यावर आता काही नव्हतं. फक्त हार.

पाटीवर आकडा होता, एकतीस.

मागची माणसं टाचा उंचावून पाटीकडे बघायला लागली. रिकामा काटा एकतीस किलो दाखवत होता.

"महाराज," मी म्हणाले, "काट्यावर कोणी नाही. हे पाप कोणाचं?"

त्याचं उत्तर आसूडवाल्याने दिलं. फटका माझ्या डाव्या खांद्यावर मुठीच्या बाजूने बसला, लाकडी मुठीने, आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी पडले. पडताना पाहिलं की सुदर्शन मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या दुसऱ्या शिष्यावर झेपावला. हा शिष्य कधीच काही करायचा नाही, नुसता शालीत हात घालून जप करायचा. सुदर्शनने त्याची शाल ओढली. हातात जपमाळ नव्हती. मोटारीच्या किल्लीला असतं तसलं बटणांचं यंत्र होतं. त्या बिचाऱ्याला सवय अशी की शेवटचा फटका बसेपर्यंत आकडा उतरवायचा नाही. फटके बसलेच नाहीत, आणि तो गुरूच्या खुणेची वाट बघत राहिला.

सुदर्शनने बटण दाबलं. रिकाम्या काट्यावर चाळीस. परत दाबलं. शून्य. परत. बारा.

मग गर्दी पुढे आली.

मी बरंच काही पाहिलंय, पण ते पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. मच्छिंद्र मागच्या बाजूने पळाला, त्याला कोणीतरी विटेने गाठलं आणि तो कपाळ धरून उसात शिरला. महाराजाला पळता आलं नाही. धोतर पायात अडकलं. ज्यांनी सकाळी त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं त्यांनीच त्याला त्या पायांना धरून ओढत आणलं आणि काट्यावर टाकलं. पंप चोरल्याचा आरोप असलेला तो गडी सर्वांत पुढे होता. त्याच्या हातात आसूड होता.

"एकतीस," कोणीतरी म्हणालं. "ह्यानंच दावलंय. एकतीस घाला."

आणि ते मोजून मारायला लागले. तोच आसूड, तेच माप. काटा खोटा असल्याचं डोळ्यांनी पाहून दोन मिनिटं झाली नव्हती, तरी त्याच काट्याचा आकडा त्यांनी प्रमाण मानला. मी ओरडत होते. एका हाताने कितीसं अडवणार? मला कोणी मारलं नाही, नुसतं बाजूला सारलं, फर्निचर सारतात तसं. महाराज आधी देवाची नावं घेत होता, मग आईला हाका मारायला लागला. त्याच्या तोंडातून फेस आणि रक्त आलं.

"विमलाबाई कुठाय? तिला द्या. तिचा माणूस मारलाय ह्यानं."

वाट झाली. विमलाबाई मांडवाच्या टोकाला होती. तिला हाताला धरून आणलं आणि तिच्या मुठीत आसूड दिला. ती खाली पडलेल्या माणसाकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी आसूड उचलला आणि मारला. एवढ्या लहानखुऱ्या बाईच्या अंगात इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. महाराज गुरासारखा ओरडला.

"आनि एक," लोक म्हणाले.

विमलाबाई तशीच उभी होती. तिचा हात पुन्हा वर गेला नाही.

"काय हलकं झालं न्हाई," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नव्हे. "मला वाटलं, वाईच उतरंल. काय बी उतरलं न्हाई."

ती खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, तिच्या ओट्यावर पहारा होता. ते रडणं ऐकून मारणारे हात एकेक करत खाली आले. तुळजाबाई रांगत माझ्यापाशी आल्या. "बाई, तो मरंल," त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघी, एक रक्ताळलेली आणि एक हात लोंबणारी, त्या माणसाच्या आणि गर्दीच्या मधे जाऊन बसलो. अपेक्षा पोलिसांची गाडी घेऊन आली तेव्हा आम्ही तशाच बसलेल्या होतो.

महाराज जगला. त्याला पहिलं सलाइन माझ्याच दवाखान्यात लागलं. माझा एक हात निकामी होता, म्हणून सुई अपेक्षाने धरली आणि मी शीर दाखवली. त्याची लघवीही काळी होती. त्याला आम्ही वेळेवर हॉस्पिटलमध्ये पोचवलं.

त्याचं खरं नाव भैरू. मार्केटातले इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करायचं त्याचं काम होतं. पोलिसांनी पाटीचा डबा उघडला तेव्हा आत काड्यापेटीएवढी एक पट्टी जोडलेली सापडली. काट्याच्या पोटात वजन ओळखणारा एक तुकडा असतो. त्याच्यावर जेवढा दाब पडेल तेवढी सूक्ष्म वीज तो वायरीतून पाटीकडे पाठवतो आणि पाटी तिचा आकडा करते. भैरूने वायरीच्या मधे ती पट्टी बसवली होती. बटण दाबलं की पट्टी आपल्या पदरची थोडी वीज त्यात मिसळायची. पाटी बिचारी जे येईल ते दाखवायची. शेतमालाच्या व्यवहारात ठकवायला हीच युक्ती वापरतात, तिथे माल कमी भरतो. भैरूने तिला उलटं करून मंत्र जोडला. पहिलं वजन तो नेहमी खरं येऊ द्यायचा, कारण ते माणसाला आधीच ठाऊक असतं. एकदा खरा आकडा दिसला की पुढचा खोटाही खरा वाटतो. सगळी करामत एवढीच.

अशा प्रकारांसाठी तेव्हा वेगळा कायदा नव्हता, पण विमलाबाईने जिन्याचा जबाब बदलला आणि कोंडीरामच्या मृत्यूचा खटला उभा राहिला. भैरूला आणि त्याच्या आसूडवाल्याला शिक्षा झाली. मच्छिंद्र जामिनावर सुटला आणि तारखांना पांढऱ्या गाडीतून येत राहिला. तुळजाबाईंनी जमीन विकली नाही. समर्थची आई त्याला घेऊन माझ्याकडे परत आली, सासऱ्याला न सांगता. औषध परत सुरू झालं आणि आकडी थांबली. माझा खांदा जुळला, पण स्कूटर वळवताना अजून दुखतो.

ही हकीकत मी कॉलेजांतून सांगते. मध्यंतरी कर्वेनगरच्या एका कॉलेजात एका मुलाने उठून विचारलं, "मॅम, काटा फेक होता हे ओके. पण समजा खरंच असं मशीन निघालं, तर बेटर नाही का? सगळ्यांना सेम स्टँडर्ड."

प्रश्न चांगला होता. मी त्याला म्हणाले, माप ही माणसाने शोधलेली फार मोठी गोष्ट आहे. किलो सगळ्यांचा एक असतो म्हणून तर अडाणी माणसालाही बाजारात मान ताठ ठेवता येते. तुझा काटा, माझा काटा, तिसऱ्याचा काटा, तिन्हींवर गूळ तेवढाच भरला पाहिजे. ही अट जो पाळतो तोच काटा. जो म्हणतो की माझंच माप खरं, ते दुसऱ्या कुठे तपासू नका, त्याच्याकडे माप नसतं, नुसती सत्ता असते. आणि प्रत्येक गोष्ट किलोत बसत नाही. चोरी आणि खून, नवऱ्याचा जीव आणि आसूडाचे फटके, ह्यांना एका पारड्यात घालायचं म्हटलं की आधी कोणीतरी एकाने आपल्या सोयीने भाव ठरवलेला असतो. अशा गोष्टींसाठी पुरावा लागतो, उलटतपासणी लागते, वेळ लागतो. लाल आकड्याएवढं ते झटपट होत नाही.

मुलगा म्हणाला, "म्हणजे आम्ही नक्की काय करायचं?"

फार काही नाही, मी म्हणाले. कोणी चमत्काराचा आकडा दाखवला, तो बाबाने दाखवलेला असो की भारीतल्या यंत्राने, तर हात जोडायच्या आधी दुसरा काटा मागा. समोरचा चिडला तर समजून जा. आजूबाजूचे हसले तरी मागा. आणि त्या आकड्यावरून कोणी माणसाला मारायला उठलं असेल, तर पहिला फटका पडायच्या आत मागा. नंतर मागितलात तर काटा खोटा ठरेल, पण पडलेला फटका परत घेता येत नाही.